डीएनए नसलेला व्हायरस जगतो कसा? पोरीच्या प्रश्नाला उत्तर हवंय

आकोळकर:

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळच्या आकोळचा, शेती करतो, शिक्षण दहावी. आमची थोरली दहावीपर्यंत मराठी शाळेत होती, मार्क चांगले पडले म्हणून बेळगावला सायन्सला घातली, आता सेकंड पीयूला, म्हणजे बारावीला आहे. तिथं सगळं इंग्लिशमधून चालतं, अडलं की सर कन्नडमधून समजावतात, आणि ही वहीत मराठीत लिहून घेते. शनिवारी घरी आली की ती वही उघडून मला सांगत बसते, बाबांना कळलं म्हणजे मला कळलं असं तिचं गणित.

गेल्या शनिवारी आरएनए चाललं होतं. डीएनए मालक, सगळी माहिती त्याच्याकडं, आणि आरएनए त्याचा निरोप्या, निरोप पोचवायचा आणि संपून जायचं, एवढं मला पटलं. दोन पानं पुढं गेल्यावर तिचं तिलाच अडकलं, कारण पुढं लिहिलंय की कोरोनाच्या व्हायरसमध्ये डीएनए नसतोच, नुसता आरएनए असतो. मग मालकच नाही तर निरोप्या कुणाचा निरोप घेऊन फिरतोय, हा तिचा प्रश्न. वर्गात विचारायला कचरते, इंग्लिशमधून प्रश्न मनात जुळवेपर्यंत तास संपतो म्हणते. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

दुसरा प्रश्न माझा. यंदा आमच्या तंबाखूची पानं चितरी पडलीत, हिरव्यात फिकट पिवळे चट्टे. औषधाच्या दुकानात पान नेऊन दाखवलं तर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी दिली, दोन वेळा फवारली, काडीचा फरक नाही. आता एकजण म्हणाला हा व्हायरस आहे. मग ह्यात पण आरएनएच असतो काय? आम्हा दोघांना कळेल असं कुणीतरी सांगा, मोठं लिहिलं तरी चालेल, मी छापून घेऊन तिला वाचायला देतो.

शहापूरचे_सर:

आकोळकर दादा, मी पीयूला बायॉलॉजी शिकवत आलोय. पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा, तिनं बरोबर नस पकडलीय. आणि तुमचे दोन प्रश्न वेगळे नाहीत, तिच्या प्रश्नाचं उत्तर जगाला मिळालं तेच मुळी तंबाखूच्या पानावर. तिकडं येतो, आधी ते मालक-निरोप्या प्रकरण जरा दुरुस्त करूया.

जमिनीचं मूळ रेकॉर्ड तालुक्याच्या ऑफिसात असतं, ते कुणाला घरी नेता येत नाही, आपण जाऊन उतारा काढतो. पेशीत तसंच. केंद्रकाच्या आत डीएनए, माणसाच्या एका संचात साधारण ३०० कोटी अक्षरं (ए, टी, जी, सी ही चारच रासायनिक अक्षरं, परत परत), आणि त्यातला लागेल तेवढाच तुकडा नक्कल होऊन बाहेर येतो, तो मेसेंजर आरएनए. ह्या नक्कल काढण्याला ट्रान्सक्रिप्शन म्हणायचं. लिपी तीच राहते, फक्त टी च्या जागी यू येतं.

आता उतारा हातात पडला, पण तो कन्नडमध्ये, आणि घरात आजीला त्यातलं कळायला पाहिजे. मग आपण काय करतो, दोन्ही भाषा येणारा माणूस शोधतो. पेशीत तो माणूस म्हणजे ट्रान्सफर आरएनए. जेमतेम ७५-८० अक्षरांचा असतो, एका अंगाला तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला एक अमिनो आम्ल. उताऱ्यावरची तीन अक्षरं आणि ह्याची तीन अक्षरं जुळली की ह्यानं आणलेलं अमिनो आम्ल माळेत ओवलं जातं, असं ओवत ओवत प्रोटीन तयार होतं. हे ट्रान्सलेशन. पोरं ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन ह्यात हमखास गोंधळतात, तिला सांगा पहिल्यात नुसती नक्कल आहे, दुसऱ्यात भाषा बदलते. आपल्या भागातल्या पोरांना हा फरक समजावायला मला कधी जास्त वेळ लागलेला नाही.

तीन अक्षरांचा अर्थ काय हे शोधताना हरगोविंद खोराना ह्यांनी यू-सी-यू-सी-यू-सी अशी एकाआड एक अक्षरांची लांब साखळी बनवून बघितली. तिच्यातून तीन-तीन अक्षरं तोडली तर यूसीयू, सीयूसी, यूसीयू, सीयूसी असंच पडतं, आणि प्रोटीन पण तसंच निघालं, सेरीन, ल्यूसीन, सेरीन, ल्यूसीन. किती सरळ आणि किती देखणा प्रयोग! १९६८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तीन अक्षरांचे एकूण शब्द ६४, अमिनो आम्लं २०, आणि तीन शब्द थांबा म्हणून सांगणारे.

आणि ओवण्याचं काम जिथं चालतं तो रायबोझोम. त्याच्यात प्रोटीनं पण असतात, पण अमिनो आम्लं एकमेकांना जोडणारा जो खरा हात आहे तो आरएनएचाच. हे साल २००० च्या सुमाराला त्याची बारीक रचना दिसली तेव्हा पक्कं झालं, २००९ चं नोबेल त्यावरच, त्यातले एक आपले चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन. पेशीतला बहुतेक आरएनए हा रायबोझोमचाच असतो, निरोप्या म्हणतो तो शेकडा पाचाच्या आतबाहेर. म्हणून नुसता निरोप्या म्हणणं म्हणजे त्याचं बाकीचं सगळं कामच झाकून टाकणं.

आता पोरीचा प्रश्न. रायबोझोमला चिठ्ठी मिळाली की तो वाचतो, ती केंद्रकातून आली की बाहेरून घुसली ह्याची चौकशी करत नाही. चिठ्ठीच्या सुरवातीला एक रासायनिक टोपी लागते, तर कोरोना ती टोपीसुद्धा स्वतःच चढवतो. म्हणजे त्याचा आरएनए कुणाचाच निरोप्या नाही, मूळ रेकॉर्ड पण तोच आणि उतारा पण तोच. आत गेल्या गेल्या रायबोझोमकडून पहिल्यांदा काय करून घेतो, तर आरएनएवरून आरएनएची नक्कल काढणारं यंत्र, कारण त्याच्या कामाचं असं यंत्र आपल्या पेशीत नसतं. एकदा ते झालं की नकलाच नकला.

बेडकिहाळचा_मामा:

सर लई भारी सांगितलंसा. तंबाखूचं आमचं पण ऐका. माझ्या बघण्यातलं आहे, शेंडे खुडायला बायका ज्या ओळीनं गेल्या त्या ओळीनंच चट्टे आले, बाजूच्या ओळी स्वच्छ. तंबाखूचा चीक हाताला काळा होऊन चिकटतो, तोच हात ह्या झाडाला, त्या झाडाला. मी दोन वर्षं बघूलालोय, वाऱ्यानं जात असतं तर सगळं रान धरलं असतं. खरं एक कळत नाही, खतानं जाईना, औषधानं जाईना, वाळलेल्या पाल्यात पण राहतो म्हणतात, मग हा जिवंत आहे का निर्जीव?

शहापूरचे_सर:

मामा, तुम्ही जे ओळीत बघितलं ते शंभरावर वर्षांपूर्वी लोकांनी नळीत बघितलं. १८९२ साली रशियाच्या इव्हानोव्स्कीनं रोगट तंबाखूचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, बॅक्टेरिया अडकतील इतकी बारीक गाळणी, तरी खाली आलेला रस निरोगी पानाला चोळला की रोग यायचा. १८९८ ला नेदरलँड्सचा बायजेरिंक म्हणाला की हे काहीतरी वेगळंच आहे, जिवंत पेशीत गेलं तरच वाढतंय. मग १९३५ ला अमेरिकेत स्टॅनलीनं त्या रसातून चक्क स्फटिक काढले, साखरेचे असतात तसे, आणि ते पाण्यात विरघळवून पानाला लावले तर परत रोग! जिवंत की निर्जीव हा तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला बघा. बाटलीत ठेवला तर पावडर, पानात घातला तर पिकतो, मी वर्गात एवढंच सांगतो आणि पोरांना भांडू देतो.

स्टॅनलीला वाटलं ते शुद्ध प्रोटीन आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बॉडेन आणि पिरी ह्यांनी दाखवलं की त्यात थोडासा आरएनए पण आहे, वजनाच्या शेकडा पाच-सहा. एवढासा भाग, तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. मग १९५६ ला जर्मनीत गीरर आणि श्राम ह्यांनी प्रोटीन पूर्ण काढून टाकलं, उघडा आरएनए पानाला चोळला, आणि पानावर डाग उठले. आरएनए तोडणारं एन्झाइम आधी घातलं तर डाग नाहीत. पुढं कॅलिफोर्नियात फ्रेंकेल-कॉनरॅटनं आणखी गंमत केली, व्हायरसच्या दोन जाती घेतल्या, एकीचा आरएनए दुसरीच्या प्रोटीनमध्ये भरला, म्हणजे सदरा एकाचा आणि अंग दुसऱ्याचं. पानातून जी नवी पिढी निघाली तिच्या अंगावर सदरा आरएनए ज्याचा होता त्याचाच.

आकोळकर दादा, हे पोरीला नक्की वाचून दाखवा. वारसा डीएनएशिवाय नुसत्या आरएनएवर चालू शकतो हे इथं सिद्ध झालं, तुमच्या बांधावर आहे त्याच पिकावर. तो आरएनए सुमारे ६,४०० अक्षरांचा, भोवती एकाच प्रोटीनचे २,१३० नग फिरत्या जिन्यासारखे रचलेले, आणि आरएनए त्या रचनेत नक्की कुठून जातो हे रोझालिंड फ्रँकलिननं एक्स-रे लावून दाखवलं. डीएनएच्या फोटोमुळं लोक तिला ओळखतात, पण शेवटची वर्षं ती ह्याच व्हायरसवर काम करत होती.

आता पुडीचं. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन्ही औषधं बॅक्टेरियाच्या रायबोझोमला जाऊन चिकटतात आणि त्याचं प्रोटीन ओवणं बिघडवतात. व्हायरसकडं स्वतःचा रायबोझोमच नाही, तो तुमच्या झाडाचा वापरतो. मग औषध बसणार कशावर? पैसे गेले, फवारणीची मजुरी गेली, मला खरंच वाईट वाटतं कारण हे रोज घडतंय. माणसाच्या सर्दीला अँटिबायोटिक का चालत नाही ह्याचं उत्तर पण हेच.

करायचं काय तर तरूतच, म्हणजे रोपवाटिकेतच, चितरी रोपं दिसली की उपटून लांब टाकायची, खुडणी करताना निरोगी ओळी आधी आणि चट्टे पडलेल्या शेवटी, मधेमधे साबणानं हात धुवायचे. तोंडात टाकायला तंबाखू मळली असेल तर तोच हात मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या तरूत घालायचा नाही, कारण मामा म्हणतात ते खरं आहे, वाळक्या पानात हा व्हायरस वर्षानुवर्षं टिकतो आणि ती दोन्ही पिकं ह्याच कुळातली. एक मात्र, मी तुमचं पान बघितलेलं नाही. पान वाटीसारखं वळून शिरा जाड झाल्या असतील तर तो कोकडा, तो पांढऱ्या माशीनं येतो आणि त्या व्हायरसमध्ये डीएनए असतो, तिथं हात धुऊन उपयोग नाही, माशी आवरावी लागते.

खानापूरची_दूधवाली:

मला पण विचारायचंय सर. आमच्याकडं पाच जनावरं आहेत. लंपी आली त्या वर्षी आमची एक गाय गेली. लाळखुरकताची लस सहा-सहा महिन्यांनी टोचतात तरी मधेच कुठंतरी निघतोच. हे दोन्ही आरएनए काय?

शहापूरचे_सर:

नाही ताई, ही जोडी उलटसुलट आहे. लंपीच्या व्हायरसमध्ये डीएनए, दीड लाख अक्षरांच्या आसपास. लाळखुरकताच्या व्हायरसमध्ये आरएनए, जेमतेम साडेआठ हजार. आता हे लिहून घ्या, आरएनएची नक्कल काढणारं यंत्र घाईत लिहितं आणि लिहिलेलं परत तपासत नाही, त्यामुळं चुका भरपूर. त्यातल्या बऱ्याच नकला फुकट जातात, पण एखादीचा सदरा थोडा वेगळा होतो आणि लस घेतलेल्या जनावराच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो ओळखू येत नाही. लाळखुरकताचे मुळात सात प्रकार, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन घालतात. शिवाय लसीची ताकद काही महिन्यांत उतरते म्हणून पुन्हा पुन्हा टोचणं, ते चुकवू नका. लंपीचा डीएनए त्या मानानं स्थिर, म्हणूनच जवळच्या नात्यातल्या शेळ्यांच्या देवीची लस गायींना दिली तरी उपयोग झाला.

डेंग्यू आरएनए, त्याचे चार प्रकार. फ्लूचा आरएनए तर आठ तुकड्यांत असतो आणि दोन जातींचे फ्लू एकाच पेशीत शिरले तर पत्त्यांसारखे तुकडे पिसले जातात. कोरोना जरा वेगळा, ३० हजार अक्षरांचा लांब आरएनए म्हणून त्यानं चुका खोडणारं एक एन्झाइम जवळ बाळगलंय, तरी बघितलंच आपण किती रूपं बदलली ती.

आणखी एक, सगळ्या आरएनए व्हायरसची चिठ्ठी सरळ वाचता येत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज घ्या, फ्लू घ्या, त्यांचा आरएनए रबरी शिक्क्यावरच्या अक्षरांसारखा उलटा असतो, म्हणून त्यांना नक्कल काढायचं यंत्र बरोबर घेऊनच पेशीत शिरावं लागतं. एचआयव्हीची तऱ्हा तिसरीच, तो आरएनएवरून डीएनए काढतो आणि आपल्या डीएनएत नेऊन शिवतो, तालुक्याच्या रेकॉर्डातच खोटी नोंद घुसडल्यासारखं. हे करणारं एन्झाइम १९७० ला टेमिन आणि बाल्टिमोर ह्यांना वेगवेगळं सापडलं, तोवर ह्या दोघांत डीएनएवरून आरएनए अशी एकाच दिशेची वाट माहीत होती.

लॅबवाली_टिळकवाडी:

सर, तेच एन्झाइम आम्ही २०२० मध्ये रात्रंदिवस वापरलं. आरटी-पीसीआरमधलं आरटी म्हणजे तेच, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. मी तेव्हा टेस्टिंगला होते. गुलाबी पाण्याच्या नळीतून नाकातला स्वॅब यायचा, पहिल्यांदा त्यातला आरएनए सुटा करायचा, मग त्याचा डीएनए करायचा कारण पीसीआर मशीन डीएनएच वाढवतं, आणि मग एका फेरीत दुप्पट, दहा फेऱ्यांत हजारपट, असं चाळीस फेऱ्यांपर्यंत. लोक रिपोर्टवरचा सीटी आकडा घेऊन विचारायचे माझा १८ आला म्हणजे कमी ना? उलट आहे ते, कमी फेऱ्यांत दिसला म्हणजे व्हायरस जास्त होता.

आणि आरएनए किती नाजूक ते हात लावल्याशिवाय कळत नाही. आपल्या घामात, कातडीवर आरएनए तोडणारं एन्झाइम असतं, एक बोट चुकून टिपच्या टोकाला लागलं की नमुना गेला. ते एन्झाइम उकळून पण नीट मरत नाही. दर थोड्या वेळानं हातमोजे बदलायचे, नळ्या बर्फात रोवलेल्या, बोलायचं पण तोंड फिरवून. एकदा बर्फ वितळलेला बघूनही मी पुढं काम रेटलं आणि त्या ट्रेमधले कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले पडताळ्याचे नमुने, तेच आले नाहीत, सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून लावावे लागले, बाहेर माणसं रिपोर्टची वाट बघत उभी होती. ते अजून आठवतं.

बेडकिहाळचा_मामा:

ताई मग लशीतनं आरएनए टोचला म्हणजे आपला डीएनए बदलतो म्हणतात ते? आमच्या पावण्यांत एकजण अजून तेच धरून बसलाय.

लॅबवाली_टिळकवाडी:

मामा, पावण्यांना विचारा कुठली लस घेतली. आपल्याकडं बहुतेकांनी कोविशिल्ड नाहीतर कोवॅक्सिन घेतली, त्या आरएनएच्या लसी नव्हेतच. कोवॅक्सिन म्हणजे मारलेला अख्खा व्हायरस, कोविशिल्ड म्हणजे दुसऱ्या एका निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमधून पाठवलेला डीएनएचा तुकडा, आणि तो पण आपल्या डीएनएत जाऊन शिवला जाईल अशी सोय त्याच्यात ठेवलेली नाही. आपल्या देशात बनलेली आरएनएची लस पुण्याच्या जेनोव्हाची, तिला २०२२ च्या जूनमध्ये परवानगी मिळाली. तिच्यातली चिठ्ठी केंद्रकात जातच नाही, बाहेरच रायबोझोम वाचतो आणि काही काळानं ती तुटून जाते. बाहेरून आलेला आरएनए बघून शरीर खवळतं, ते कसं टाळायचं हेच कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन ह्यांनी शोधलं, यू ह्या अक्षराला थोडं बदलून. २००५ ला छापलं, नोबेल मिळायला २०२३ उजाडलं.

आकोळकर:

सगळ्यांचे लई उपकार. शनिवारी पोरगी आली, हे सगळं तिला वाचायला दिलं. उताऱ्याच्या जागी ती थांबली आणि म्हणाली बाबा, मागच्या वर्षी आजीला उतारा मीच वाचून दाखवला होता की. मग वहीत ट्रान्सफर आरएनएच्या शेजारी तिनं काय लिहिलं तर ‘मी’.

रानात पण गेलो दोघं. चट्टे सपाट आहेत, पान वळलेलं नाही, शिरा जाड नाहीत, आणि खुडणीच्या ओळीनंच आहेत. तेव्हा हातानंच गेलाय.

खरं तिनं आणि एक प्रश्न काढलाय, मी तसाच लिहितो. आरएनए माहिती ठेवतो, काम पण करतो, मग डीएनए लागतोच कशाला?

शहापूरचे_सर:

लॅबवाल्या ताईंच्या बर्फात त्याचं उत्तर आहे दादा. आरएनएच्या साखरेवर ऑक्सिजनचा एक जादा हात असतो, तोच शेजारची जोडणी तोडू शकतो, म्हणून साखळी आपणहून तुटत राहते. डीएनएत तो हात काढून टाकलाय, डीऑक्सी म्हणजे तेच. दुसरं, सी हे अक्षर अधूनमधून आपोआप बिघडून यू होतं. आरएनएत यू मुळातच असतो, त्यामुळं बिघडलेला कुठला आणि खरा कुठला ओळखता येत नाही. डीएनएत यू ची जागा टी ला दिलीय, त्यामुळं तिथं यू दिसला की दुरुस्ती करणाऱ्यांना कळतं हा बिघडलेला सी, आणि ते तो बदलतात. ३०० कोटी अक्षरं पिढ्यानपिढ्या सांभाळायची तर एवढी खबरदारी पाहिजेच. सहा-आठ हजारांच्या व्हायरसचं त्याशिवाय भागतं.

बरेच शास्त्रज्ञ मानतात की सुरवातीला जीवसृष्टीत आरएनएच दोन्ही कामं करत असावा आणि डीएनए मागून आला. १९८२ ला थॉमस चेक ह्यांना स्वतःलाच कापून जोडणारा आरएनए सापडला, त्याला कुठल्याही प्रोटीनची मदत लागत नव्हती, तिथून ह्या विचाराला जोर आला. आणि प्रोटीनचा सदरासुद्धा नसलेला रोग बघायचा असेल तर बटाट्यात आहे, १९७१ ला डीनर ह्यांनी शोधलेला वायरॉइड, ३५९ अक्षरांचा नुसता आरएनएचा वेटोळा, त्यातलं एक अक्षरही प्रोटीनसाठी नाही, तरी बटाटा चातीसारखा निमुळता करून टाकतो. तिला म्हणावं ह्याच्यावर विचार करून ठेव, प्रोटीन एकही बनवत नाही तर ह्याच्या नकला कोण काढतं? उत्तर मराठीत लिहून पाठवलं तरी चालेल, मी वाचतो.